टिमगाड आणि नायगावचा पॅसेज



मी कॉम्प्युटर इंजिनीअर. इतिहासात माझे मार्क किती असायचे ते बाईंना चांगलं ठाऊक आहे, आणि त्या समोरच बसल्या आहेत. तरी आज रोमन नगररचनेवर बोलण्याचं धाडस करते आहे, कारण ती मला आपल्या नायगावच्या बीडीडी चाळींत भेटली.

गेल्या वर्षी पुनर्विकासासाठी आईच्या खोलीचे कागद जमवत होते. त्यात चाळींचा नकाशा होता. त्याच दिवसांत मुलाच्या पुस्तकात टिमगाडचा विमानातून काढलेला फोटो दिसला. दोन्ही शेजारी ठेवले आणि हसूच आलं.

टिमगाड आजच्या अल्जीरियात आहे. सम्राट ट्राजनने इ.स. 100च्या सुमारास निवृत्त सैनिकांसाठी ते वसवलं. काटकोनात छेदणारे दोन हमरस्ते, बाकीचे त्यांना समांतर, मधे सारखे चौकोन. थेट लष्करी छावणीचा आराखडा.

आपल्याकडे सरकारने 1920 साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. बेत 50 हजार खोल्यांचा. झाल्या 16 हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 चाळी, त्यांतल्या 42 आपल्या. मजल्यावर 20 खोल्या, खोली 160 चौरस फूट. तिकडे सैनिक, इकडे कामगार; हिशेब तोच. आमच्या भाषेत सांगायचं तर एक खोली लिहिली आणि लूप फिरवला.

पण टिमगाडच्या फोटोत चौकोनाबाहेर बघा. नंतर वाढलेली वस्ती वाकडीतिकडी, लोकांनी आपल्या सोयीने केलेली. आपल्याला बाहेर जागा नव्हती, म्हणून आपण पॅसेजमध्ये वाढलो. नकाशात ती नुसती जायची-यायची वाट. तिथे आपण दहावीचा अभ्यास केला, पापड वाळवले, पाहुणे झोपवले.

नवं घर 500 फुटांचं, संडास घरात. आईचे गुडघे गेलेत. रात्री पॅसेजच्या टोकापर्यंत जाणं तिला होत नाही. करारावर सही कर, असं मीच तिला सांगितलं. सही करून ती म्हणाली, "तिथे दार लावल्यावर समोरच्या काकूंची हाक ऐकू येईल का गं?" मला उत्तर देता आलं नाही. सही करायला लावल्याचा पस्तावा मात्र नाही.

टिमगाड वाळूखाली गाडलं गेलं, म्हणून त्याचा आराखडा टिकला. 1881 पासून तिथे उत्खनन झालं. रस्ते सापडले, ग्रंथालय सापडलं; कुणाची हाक कुणाच्या दारात पोचायची, ते दगडांना काय माहीत!

म्हणून आमच्या मजल्याचा नकाशा मी काढायला घेतलाय: 20 दारं, प्रत्येकावर नाव. 17 भरली आहेत. जिन्याजवळच्या तीन खोल्यांत 1990च्या आधी कोण राहायचं, ते आईलाही आठवत नाही. तुमच्यापैकी कुणाला आठवत असेल तर चहाच्या वेळी मला गाठा. कागद बरोबर आणलाय.