शरीराचा कस कोणत्या खेळात?

(वार्षिक क्रीडास्पर्धांच्या आधी एका प्राथमिक शाळेत मुलांसमोर केलेले भाषण)



मी पाठ्यपुस्तकांसाठी धडे लिहितो. लिहिलेला धडा मुलांना आवडतो की नाही, हे पाहण्यासाठी मला अधूनमधून शाळांमध्ये जावे लागते. मागच्या आठवड्यात असाच मी तुमच्या शाळेत आलो होतो. सहावीच्या वर्गातून इतका गलका ऐकू येत होता, की मला वाटले, आत गुरुजी नसावेत. डोकावून पाहतो तो गुरुजी होते! फळ्यावर त्यांनी प्रश्न लिहिला होता, ‘कोणत्या खेळात शरीराचा सर्वांत जास्त कस लागतो?’ आणि सगळा वर्ग एकाच वेळी उत्तर देत होता.

मी गुपचूप मागच्या बाकावर जाऊन बसलो.

एक मुलगा उठून म्हणाला, “फुटबॉल! त्यात 90 मिनिटे धावावे लागते.” त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. मोठ्या सामन्यात मधल्या फळीतला खेळाडू 10 किलोमीटरांच्या आसपास अंतर कापतो. पण लगेच एक मुलगी म्हणाली, “त्यांतला बराच वेळ ते चालत असतात. मी टीव्हीवर पाहते ना!” तेही खरेच होते.

मग कोणी कबड्डीचे नाव घेतले. चढाई करणारा एकटा असतो आणि समोर सात जण असतात. 30 सेकंदांत कोणाला तरी शिवून परत यायचे आणि तोंडाने ‘कबड्डी, कबड्डी’ चालूच ठेवायचे. हा दमसासाचा खेळ. गणेशचतुर्थीला आपल्याकडे झाकरी नाचतात, ती तुम्ही पाहिली असेल. गाणे म्हणायचे आणि पायही थांबू द्यायचे नाहीत. ज्याने ते केले आहे, त्याला दमसास म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

“घोड्यांची शर्यत!” असे एक जण म्हणाला, तेव्हा सगळे खूप हसले. पोर्ट लुईच्या शाँ द मार्स मैदानावर 1812 सालापासून घोडे धावत आले आहेत, पण धावतो तो घोडा आणि बक्षीस मिळते मालकाला! मला मात्र त्या मुलाची थोडी बाजू घ्यावीशी वाटली. धावत्या घोड्यावर रिकिबीत उभे राहून, गुडघे वाकवून, तोल सांभाळत बसणे सोपे नसते. दोन मिनिटे गुडघे वाकवून उभे राहून पाहा. मांड्या थरथरू लागतील.

शेवटी खिडकीजवळ बसलेली एक मुलगी हळूच म्हणाली, “पोहणे. धावताना पाहिजे तेव्हा श्वास घेता येतो. पाण्यात घेता येत नाही.”

वर्ग क्षणभर गप्प झाला. तेवढ्यात घंटा झाली आणि प्रश्न फळ्यावर तसाच राहिला.

मुलांनो, तो प्रश्न मी घरी घेऊन गेलो. आठवडाभर त्यावर विचार केला. आज मला काय वाटते ते तुम्हांला सांगतो. तुमचे मत वेगळे असले तरी चालेल.

आधी दोन धावपटूंकडे पाहू. जमैका देशाचा उसेन बोल्ट 2009 साली बर्लिन शहरात 100 मीटर अंतर 9.58 सेकंदांत धावला. तेवढ्या वेळात त्याची 41 पावले पडली. केनिया देशाचा केल्विन किप्टम 2023 साली शिकागो शहरात मॅरेथॉन धावला. मॅरेथॉन म्हणजे 42 किलोमीटर 195 मीटर. ते अंतर त्याने 2 तास 35 सेकंदांत संपवले.

आता थोडे गणित करू. किप्टमच्या शर्यतीचे 100-100 मीटरांचे तुकडे केले, तर दर तुकड्याला त्याला सुमारे 17 सेकंद लागले. बोल्टपेक्षा खूपच हळू, असे तुम्ही म्हणाल. पण तुमच्यापैकी किती जण 17 सेकंदांत 100 मीटर धावतात? हात वर करा पाहू. अगदी थोडे हात आहेत. आता ज्यांनी हात वर केले, त्यांनी असे समजा, की 100 मीटर संपताच थांबायचे नाही. त्याच वेगाने पुन्हा 100 मीटर, मग पुन्हा 100 मीटर, असे 421 वेळा धावायचे. आता कोणाचा हात वर आहे? एकाचाही नाही!

मग या दोघांपैकी जास्त कस कोणाचा? मॅरेथॉनमध्ये बोल्ट किप्टमच्या जवळपासही पोहोचला नसता आणि 100 मीटरांच्या शर्यतीत किप्टम बोल्टच्या कितीतरी मागे पडला असता. दोघांनाही पाय दोनच, पण त्या पायांकडून घेतलेले काम वेगळे.

याचे कारण आपल्या स्नायूंत आहे. स्नायू बारीक धाग्यांचे बनलेले असतात. त्यांतले काही धागे झटकन आणि जोराने आखडतात, पण लवकर थकतात. काही धागे सावकाश काम करतात, पण तासन् तास थकत नाहीत. उसाचे वाळलेले पाचट पेटवले तर कसे भडकन पेटते आणि लगेच विझते! शेगडीतला कोळसा मात्र हळूहळू पेटतो आणि बराच वेळ धगधगत राहतो. आपल्या सर्वांच्या अंगात पाचटही असते आणि कोळसाही असतो. कोणात एक जास्त, कोणात दुसरा. सरावाने दोन्ही सुधारतात, पण मुळातले प्रमाण प्रत्येकाचे निराळे असते.

आणि कस म्हणजे केवळ वेग आणि दम नव्हे. खो-खो घ्या. आठ जण ओळीने बसलेले असतात आणि नववा पाठलाग करतो. त्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, मागे वळता येत नाही. पळणारा मात्र हवा तसा वळतो, हुलकावणी देतो. इथे नुसता वेगवान खेळाडू फसतो. इथे हवी चपळाई. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. त्यात भारताच्या मुलांनी आणि मुलींनी, दोघांनीही चषक जिंकले आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्रातले होते. एकेकाळी अंगणातला समजला जाणारा हा खेळ बघा कुठे पोहोचला!

अमेरिकेची सिमोन बाइल्स जिम्नॅस्टिक्समध्ये उड्या मारते, हवेत कोलांट्या घेते आणि पुन्हा पायांवर उभी राहते. तिची उंची ठाऊक आहे का? फक्त 142 सेंटिमीटर. तुमच्या वर्गातल्या काही मुली तिच्यापेक्षा उंच असतील. बास्केटबॉलच्या संघात तिला कोणी घेतले नसते. हवेत गिरक्या घेताना मात्र तीच ठेंगणी, घट्ट बांध्याची शरीरयष्टी उपयोगी पडते.

तुम्ही विचाराल, असा एखादा खेळ नाही का, ज्यात सगळेच लागते? आहे. त्याचे नाव डेकॅथलॉन. त्यात दोन दिवसांत दहा स्पर्धा असतात. धावणे, लांब उडी, उंच उडी, अडथळ्यांची शर्यत, गोळा, थाळी, भाला, बांबूच्या आधाराने घेतलेली उडी, सगळे एकाच माणसाने करायचे. त्यात गंमत अशी, की गोळा लांब फेकायचा तर दंड भरदार हवेत, आणि दुसऱ्या दिवशी सर्वांत शेवटी असते 1500 मीटरांची शर्यत! तिथे तेच भरदार अंग ओझे होते. पुष्कळ जाणकार लोक डेकॅथलॉन जिंकणाऱ्यालाच सर्वांत श्रेष्ठ खेळाडू मानतात.

माझे मत मात्र दुसरीकडे पडते. डेकॅथलॉनमध्ये गोळा तुम्हांला अडवत नाही, भाला उलटून मारत नाही. मुष्टियुद्धात आणि कुस्तीत समोर तुमच्याच वजनाचा, तुमच्याइतकाच तयार माणूस असतो आणि तुमचा प्रत्येक डाव फसावा म्हणून तो धडपडत असतो. पाय, हात, नजर, श्वास, सगळे एकाच वेळी चालवायचे आणि मार लागला तरी डोके शांत ठेवायचे.

आपल्या देशाला पहिले ऑलिंपिक पदक कोणी मिळवून दिले? ब्रूनो ज्युली या मुष्टियोद्ध्याने, 2008 साली बीजिंगमध्ये. ते कांस्यपदक होते. तो 54 किलो वजनगटात खेळला. महाराष्ट्रातल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकीत कुस्तीत पदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. तेही कांस्यच, आणि तेही हलक्या वजनगटातले. आपापल्या देशाचे खाते उघडणारी ही दोन्ही माणसे आडदांड नव्हती, हे मला फार आवडते.

हे झाले माझे मत. पण खिडकीजवळच्या मुलीचे उत्तर अजून माझ्या डोक्यातून जात नाही, हेही कबूल करतो.

आता तुम्हांला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना मला थोडे अवघड वाटते. वीस वर्षांपूर्वी मी एका शाळेत नवा शिक्षक होतो. क्रीडास्पर्धांसाठी संघ निवडायचे काम माझ्याकडे आले. मी काय केले? सगळ्या मुलांची 100 मीटरांची एक शर्यत लावली. पहिल्या आठ जणांना संघात घेतले. एक मुलगा सर्वांच्या मागून, धापा टाकत आला. मी त्याला म्हणालो, “तू धावायचा नाहीस बाबा. तू सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळ.” त्याने त्या सांभाळल्या. एकही हरवली नाही.

पुढे महाशिवरात्र आली. आमच्या गावचे लोक कावड घेऊन गंगा तलावाकडे पायी निघाले. मीही होतो आणि माझी काही मुलेही आपापल्या वडिलांबरोबर होती. सकाळी माझे धावपटू सर्वांच्या पुढे पळत होते. दुपारी ते आमच्याबरोबर चालू लागले. संध्याकाळी चढ लागला, तेव्हा माझा पहिल्या क्रमांकाचा धावपटू बूट काढून रस्त्याच्या कडेला बसला होता. पायांना फोड आले होते. तेवढ्यात मागून तो बाटल्या सांभाळणारा मुलगा आला. त्याच्या खांद्यावर वडिलांची कावड होती. त्याने बसलेल्या मित्राची पिशवी दुसऱ्या खांद्याला अडकवली, त्याला हात देऊन उठवले आणि तो पुन्हा चालू लागला. त्याची पावले सकाळी पडत होती तशीच पडत होती.

मी विचारले, “तू दमला नाहीस?”

तो म्हणाला, “गुरुजी, माझे घर ऊसमळ्यांच्या पलीकडे आहे. मी रोज शाळेत चालतच येतो.”

हे मला ठाऊकच नव्हते. मी त्याला फक्त 20 सेकंद पाहिले होते आणि तेवढ्यावर ठरवून टाकले होते. माझी चूक झाली, असे मी त्याला त्या दिवशी म्हणायला हवे होते. मी म्हणालो नाही. आम्ही नुसते चालत राहिलो.

म्हणून आज मी तुमच्या गुरुजींशी बोललो आहे. उद्याची निवड एका शर्यतीवर होणार नाही. आधी छोटी शर्यत होईल. मग मैदानाला फेऱ्या मारायच्या आहेत. त्यात पहिला कोण येतो हे पाहायचे नाही, शेवटची फेरी पहिल्या फेरीइतक्याच वेळात कोण मारतो ते पाहायचे आहे. दोरखंड ओढायचा आहे, चेंडू फेकायचा आहे, एका पायावर डोळे मिटून उभे राहायचे आहे. प्रत्येकाने सगळे करून पाहायचे. शाळेत पोहण्याचा तलाव नाही, म्हणून ती चाचणी घेता येत नाही. खिडकीजवळच्या मुलीची मी त्याबद्दल क्षमा मागतो.

सकाळी आठ वाजता सर्वांनी मैदानावर यायचे आहे. पाण्याची बाटली ज्याने त्याने आपली आपण सांभाळायची. त्या कामासाठी या वेळी कोणालाही बाजूला बसवलेले नाही.