क्रिस्टियान्सफेल्ड: अजून राहतं असलेलं मोरावियन गाव

आज जायचंय डेन्मार्कच्या दक्षिण भागातल्या क्रिस्टियान्सफेल्डला. कोल्डिंगहून दक्षिणेकडे जाणारी बस पकडायची, अर्ध्या तासाच्या आत पोचतो आपण. २०१५ साली युनेस्कोने या गावाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. मला मात्र तिथे ओढून नेलं ते वेगळ्याच गोष्टीने. अडीचशे वर्षांपूर्वी एका पंथाने आखून बांधलेल्या या गावात लोक अजून राहतात, प्रार्थना करतात, मरतात आणि तिथेच पुरले जातात.

आधी हे मोरावियन कोण ते सांगतो. मोराविया म्हणजे आजच्या चेक देशाचा पूर्व भाग. यान हुसला १४१५ मध्ये जिवंत जाळलं, आणि त्याच्या विचारांतून १४५७ मध्ये हा बंधुसमाज उभा राहिला. पुढे छळ वाढला तसे यांच्यातले काही लोक पळून जर्मनीत झिंझेनडॉर्फ नावाच्या सरदाराच्या जमिनीवर आले. तिथे १७२२ मध्ये त्यांनी हेर्नहूट हे गाव वसवलं. बाकीची मोरावियन गावं त्याच नमुन्यावरची.

डेन्मार्कचा राजा सातवा क्रिस्टियान १७६८ मध्ये हॉलंडमधलं झाइस्ट हे यांचं गाव बघून आला. कारागीर मंडळी, चोख काम, नीट हिशोब. असे लोक आपल्याकडे हवेत, असं त्याला वाटलं. मग करमाफी मिळाली, सवलती मिळाल्या आणि १७७३ मध्ये हे गाव वसलं. नाव राजाचंच. म्हणजे बघा, राजाला हवा होता धंदा आणि यांना हवा होता देव. सौदा दोघांनाही परवडला!

गावात शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो सारखेपणा. पिवळ्या विटांची घरं, लाल कौलं, दोन समांतर रस्ते, मध्ये चौक. चौकाला लागून प्रार्थनेचं सभागृह आहे, साधारण हजार माणसं बसतील एवढं, आणि आत एकही खांब नाही. वेदी नाही, मूर्ती नाही, चित्र नाही. पांढरे बाक आणि एक साधं टेबल. आपल्या देवळांची सवय असलेल्या डोळ्यांना हे रिकामं वाटतं. मी बराच वेळ बसलो, तेव्हा कुठे ते अंगात उतरायला लागलं.

इथली समाजरचना कुटुंबावर नव्हती, गटांवर होती. अविवाहित भगिनींचं एक मोठं घर, अविवाहित बंधूंचं वेगळं, विधवांचं आणखी वेगळं. बायका टोप्या घालत, त्यांच्या फितीच्या रंगावरून गट कळे. अविवाहितेची गुलाबी, विवाहितेची निळी, विधवेची पांढरी. हे ऐकून मला आधी आपल्याकडचं कुंकू आठवलं आणि थोडा रागही आला. पण दुसरी बाजूही आहे हो. भगिनींच्या घरात बायका स्वतः काम करून कमवत, आणि त्यांच्यावर देखरेख करायला बायकाच असत. अठराव्या शतकात लग्न न करता, भावाच्या दारात न बसता जगायची ही एक वाट होती.

सगळ्यात जास्त वेळ मी रेंगाळलो ते दफनभूमीत. तिला ‘देवाचं शेत’ म्हणतात. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष. नवरा-बायको शेजारी नाहीत. जो ज्या क्रमाने गेला त्या क्रमाने जागा. सगळे दगड जमिनीवर आडवे, जवळजवळ एकाच मापाचे. डेन्मार्कमध्ये सहसा ठराविक वर्षांनी कबरीची जागा दुसऱ्याला देतात. इथे कुणालाच हलवत नाहीत. जुन्या दगडांवर जर्मन आहे. हा भाग १८६४ च्या युद्धानंतर प्रशियाकडे गेला आणि १९२० मध्ये परत डेन्मार्कला मिळाला. माणसं तिथेच, राज्य मात्र दोनदा बदललं.

हे सगळे समान दगड पाहताना एक गोष्ट मनातून जाईना. याच पंथाचे पहिले मिशनरी १७३२ मध्ये डॅनिश वेस्ट इंडीजमधल्या सेंट थॉमस बेटावर गेले, गुलामांना धर्म सांगायला. आणि तिथे याच मिशनने मळा घेतला आणि गुलामही ठेवले. मेल्यावर सगळे सारखे, हे मानणं सोपं असतं. जिवंतपणी हिशोब वेगळा निघतो. गावाचं सौंदर्य याने कमी होत नाही, पण मला ते त्याशिवाय सांगता येत नाही.

आपल्यातले जे लडाखला जाऊन आले असतील त्यांना यांची ओळख नकळत झालेली असेल. लेहमध्ये मोरावियन चर्च आहे, १८८५ पासून त्यांचं काम तिथे चालू आहे. हिमालयातलं ते छोटं चर्च आणि हे डॅनिश गाव, एकाच कुटुंबातले. २०२४ मध्ये हेर्नहूट, अमेरिकेतलं बेथलेहेम आणि उत्तर आयर्लंडमधलं ग्रेसहिल ही गावंही वारशाच्या यादीत क्रिस्टियान्सफेल्डच्या जोडीला आली.

गेलात तर एवढं करा. खिडकीतून आत डोकावू नका, आत कुणाचा तरी स्वयंपाक चाललेला असतो. आणि मधाचे केक घ्या. १७८३ पासून इथे करतात. दालचिनी-लवंगेच्या वासाने पिशवी घरी पोचेपर्यंत दरवळत राहते. माझ्या पिशवीतले तर कोल्डिंगच्या स्टेशनवरच संपले.

चला, भेटू पुढच्या भागात.