तिन्हीसांजेचे सूर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. गाण्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण मुलगी पेटी शिकते, तिच्याजवळ बसून जे कानांवर पडले नि मग वाचनात आले, तेच सांगते.

आभाळातला उजेड सुरांत आणता येतो का? हायडन या ऑस्ट्रियातील संगीतकाराने १७६१ साली सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा तीन रचना वाद्यवृंदासाठी केल्या. सकाळच्या रचनेत आरंभीच सूर्य उगवतो. आधी व्हायोलिने अगदी हलकेच वाजतात, मग बाकीची वाद्ये येऊन मिळतात, आणि थोड्याच वेळात सारा वृंद दुमदुमतो. तांबडे फुटून अंगण उजळावे तसे!

आपल्याकडे ही जाण रागांतच आहे. दिवस नि रात्र भेटतात त्या वेळच्या रागांना संधिप्रकाश राग म्हणतात. मुंबईत वाळकेश्वरला १८६० साली जन्मलेल्या पंडित भातखंडे यांनी रागांच्या वेळांचे हे शास्त्र ग्रंथांतून मांडले. भैरव सकाळचा, मारवा संध्याकाळचा. दोघांतही रिषभ कोमल. पण भैरवात मध्यम शुद्ध, मारव्यात तीव्र. उजेड दोन्ही वेळी मंदच. तो येणारा की जाणारा, हे मध्यम सांगतो. पेटीवर शेजारशेजारच्या दोन पट्ट्या, पण एकीवर सकाळ नि दुसरीवर संध्याकाळ!

पुढे १९६७ साली शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी संतूर, बासरी आणि गिटार एकत्र आणून 'कॉल ऑफ द व्हॅली' ही रचना ध्वनिमुद्रित केली. तबल्याला माणिकराव पोपटकर होते. काश्मीरच्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत, शब्दावाचून उभा केला आहे.

आता आपले पाहा. संधिप्रकाशाच्या दोन्ही वेळा म्हणजे आपल्या चुलीच्या वेळा. पहाटे पाणी नि डबे, तिन्हीसांजेला दिवा नि भाकऱ्या. रागाची वेळ होते तेव्हा बाईचा हात पिठात! मग हे संगीत आपले नव्हेच, असे आपण धरून चालतो. त्यातून १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, तेव्हापासून इकडच्या आभाळात रात्रभर दिव्यांचा उजेड असतो. बंदराने अनेकांना काम दिले, हे खरेच. पण संध्याकाळ झाली हे आता घड्याळ सांगते. आपल्या मुलींना ती आभाळावरून नि कानांनीही ओळखता यावी, असे मला वाटते.

म्हणून माझी एक सूचना आहे. आठवड्यातून एक दिवस दिवेलागणीला अर्धा तास मंडळाची पेटी अंगणात काढावी. कोणी पेटी, कोणी तबला, कोणी टाळ घ्यावेत; न येणारीने नुसते आभाळाकडे पाहत ऐकावे. त्या दिवशी भाकऱ्या घरातल्या इतरांनी थापाव्यात. वेड्यावाकड्या झाल्या तरी आपण गोड मानून खाऊ.