दुसरी ओळ



डॉक्टरांच्या या संमेलनाची अध्यक्ष म्हणून आज मी योनिमार्गातल्या बुरशीसंसर्गाबद्दल, कॅन्डिडाबद्दल बोलणार आहे. आपल्या ओपीडीत तो रोज येतो आणि पाच मिनिटांत उरकला जातो. त्यावरून घरात काय घडतं, ते मात्र केसपेपरवर कधी येत नाही.

चारांतल्या तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. खाज, आग, लघवी झोंबणं, दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव. बहुतेक वेळा कारण असते कॅन्डिडा अल्बिकन्स. काहीही तक्रार नसलेल्या निरोगी स्त्रियांपैकी दहा ते वीस टक्क्यांच्या योनिमार्गात ती मुक्कामाला असतेच. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, दिवस गेले, साखर वाढली, स्टेरॉइड सुरू झालं, की ती फोफावते. ज्या मुलीचा कधी शरीरसंबंध आलेला नाही, तिलाही हा त्रास होऊ शकतो.

मग जोडीदाराचा वाटा किती? जोडप्यात दोघांकडे बुरशीचा एकच वाण सापडल्याचे अभ्यास आहेत. तेव्हा ती एकाकडून दुसऱ्याकडे जातच नाही, असं मी म्हणणार नाही. पण जोडीदारालाही औषध देऊन पाहिलं, तेव्हा बाईचा आजार उलटण्याचं प्रमाण घटलं नाही. म्हणून तक्रार नसलेल्या जोडीदारावर सरसकट उपचार करू नयेत, असंच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. तरीही आपल्यापैकी कित्येकांच्या चिठ्ठीवर दोन ओळी असतात : फ्लुकोनाझोल दीडशे, एक तिला, फ्लुकोनाझोल दीडशे, एक नवऱ्याला.

ती दुसरी ओळ घरी कशी वाचली जाते? अशीच एक चिठ्ठी घेऊन एक बाई माझ्याकडे आली होती. नवरा बाहेर बाकावर बसला होता. तिनं चिठ्ठी टेबलावर ठेवली, दुसऱ्या ओळीवर बोट दाबलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, एवढी ओळ खोडून देता का? हे म्हणतील, मला काही झालं नाही, मग तुला कुठून लागलं?" नुकताच तिचा दातदुखीसाठी अँटिबायोटिकचा कोर्स झाला होता. कारण तिथंच होतं. पण ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, नवऱ्याला तर नाहीच. मी त्याला आत बोलावून दोघांना एकत्र समजावलं. समजावायला फार वेळ लागला नाही, आणि नवऱ्यानं पहिला प्रश्न विचारला तो दाताच्या डॉक्टरांबद्दल.

याचा अर्थ जोडीदाराला कधीच औषध द्यायचं नाही, असा कृपया घेऊ नका. ट्रायकोमोनास हा खराखुरा लैंगिक संबंधातून पसरणारा आजार आहे. तिथं दोघांवर उपचार झालेच पाहिजेत. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये जोडीदाराच्या उपचाराचा उपयोग नाही, असं आपण वर्षानुवर्षं शिकवलं. पण २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत पुरुष जोडीदाराला गोळ्या आणि मलम दोन्ही दिल्यावर बारा आठवड्यांत आजार उलटण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आलं. म्हणजे आजार नेमका कोणता, यावरच नवऱ्याला बोलवायचं की नाही हे ठरतं. आणि आजार कोणता हे नुसतं ऐकून कळत नाही. २००२ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात, आपल्याला बुरशीच झाली आहे असं समजून दुकानातून औषध घेणाऱ्या ९५ स्त्रिया तपासल्या; निव्वळ बुरशीसंसर्ग निघाला सुमारे एक तृतीयांश जणींत. तपासणी न करता चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर यापेक्षा फार बरा अंदाज बांधतो, यावर माझा विश्वास नाही.

तपासणी तरी केवढीशी! पीएच पट्टी लावायची. बुरशीत आकडा बहुधा साडेचारच्या आत राहतो, इतर दोन आजारांत वर जातो. स्रावाचा एक ठिपका सलाइनच्या थेंबात, दुसरा दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये. दुसऱ्या स्लाइडवर बाकीच्या पेशी विरघळून जातात आणि फांद्या फुटल्यासारखे धागे, त्यांना लगडलेल्या लहान गोल पेशी स्वच्छ दिसू लागतात. पहिल्या स्लाइडवर झटके देत पळणारा जीव दिसला, तर तो ट्रायकोमोनास. जिथं मायक्रोस्कोप नाही, तिथं लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमधलं हिरवं किट लक्षणांवरून द्यावं लागतं, आणि त्यामागचा सार्वजनिक आरोग्याचा विचार मला मान्य आहे. पण शेजारच्या खोलीत मायक्रोस्कोप झाकून ठेवलेला असताना औषधांचं पाकीट हातावर ठेवणं मला मान्य नाही.

पुरुषांबद्दलही बोलायला हवं. शिश्नमुंडावर लाली, खाज, पांढुरका थर घेऊन पुरुष येतो, बहुतेकदा मेडिकलमधलं स्टेरॉइडमिश्रित मलम लावून आजार चिघळवूनच. बायकोवर संशय घेत आलेल्या अशा माणसाची आधी साखर तपासा; कित्येकदा मधुमेहाचं निदान तिथंच होतं. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे स्त्री-पुरुष दोघांतही जननेंद्रियांचा बुरशीसंसर्ग वाढतो. २०२० नंतर ही गोळी आपल्याकडे खूप स्वस्त झाली, घरोघरी पोचली. मधुमेह पाहणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे, गोळी सुरू करतानाच हे पेशंटला सांगा. नंतर सांगितलं तर घरात भांडण होऊन गेलेलं असतं.

वर्षात तीन किंवा अधिक वेळा त्रास झाला, तर पुन्हा तीच एक गोळी लिहू नका. कल्चर पाठवा, क्रुसेई जातीवर फ्लुकोनाझोल चालत नाही. अल्बिकन्स असेल, तर सुरुवातीचे डोस झाल्यावर आठवड्याला एक गोळी, सहा महिने. बंद केल्यावर जवळजवळ निम्म्या जणींना पुन्हा होतं, हेही आधीच सांगा, म्हणजे त्या स्वतःला किंवा नवऱ्याला दोष देणार नाहीत. गर्भवतीला मात्र पोटात घ्यायची गोळी नको, सात दिवस योनिमार्गात ठेवायचं औषधच.

मुळात तपासणीपर्यंत किती जणी पोचतात? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८९ मध्ये गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी प्रसिद्ध केली. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या केवळ आठ टक्के. अंगावरून पांढरं जाणं सोसायचंच असतं, असं मानणाऱ्या बायका आजही माझ्यासमोर बसतात. धीर करून आलेल्या बाईच्या हाती आपण संशयाची चिठ्ठी दिली, तर ती पुन्हा येणार नाही. याचं मला फार वाईट वाटतं, आणि रागही येतो.

म्हणून या संमेलनापुढे एक ठराव ठेवते. प्रत्येक सभासदाच्या दवाखान्यात जोडप्याला देण्यासाठी मराठीत एक पानी माहितीपत्रक असावं. त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं : बुरशीचा संसर्ग हा बाहेरच्या संबंधाचा पुरावा नाही, नवऱ्याला त्रास नसेल तर त्याला औषध लागत नाही, त्रास असेल तर त्यानं स्वतः तपासून घ्यावं आणि साखरही पाहावी. मसुदा नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. दुरुस्त्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत लेखी द्याव्यात. दुपारच्या सत्रात मतदान घेऊ.