मोठ्यांच्या बाजारात लहानांची वाट
(विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



आम्ही बँकेतील लिपिक, शिक्षण कला शाखेचे. संगणकशास्त्रावर अधिकाराने बोलावे अशी आमची योग्यता नाही. परंतु धंदा सुरू करू पाहणारे तरुण आमच्या काउंटरवर येतात आणि विचारतात, "साहेब, या धंद्यात मोठमोठ्या कंपन्या आहेत. आमचा निभाव कसा लागणार?" आज या प्रश्नाचाच विचार करू.

आपल्या सर्वांच्या खिशातले व्हॉट्सॲप घ्या. त्याचे एक संस्थापक जान कूम १९९२ साली, वयाच्या १६ व्या वर्षी, आईसोबत युक्रेनहून अमेरिकेत आले. सरकारी अन्न-कुपनांवर घर चालले. पुढे त्यांनी याहू कंपनीत नोकरी केली. तेथील त्यांचे सहकारी ब्रायन ॲक्टन यांना २००९ साली फेसबुकने नोकरी नाकारली. त्याच वर्षी कूम यांनी व्हॉट्सॲप सुरू केले आणि ॲक्टन त्यांना येऊन मिळाले.

तेव्हा बाजार रिकामा होता काय? मुळीच नाही. ब्लॅकबेरीची संदेशसेवा होती, गूगलची होती. २०११ मध्ये ॲपलचीही आली. पण ब्लॅकबेरीची सेवा त्या काळी ब्लॅकबेरीवरच चाले, ॲपलची ॲपलच्याच यंत्रांवर. त्यांना आपली यंत्रे विकायची होती. व्हॉट्सॲपने नोकियाच्या स्वस्त फोनवाल्यालाही आपला ग्राहक मानले. पासवर्डची कटकट ठेवली नाही. मोबाईल नंबर हीच ओळख. मोठ्यांनी दाराबाहेर ठेवलेल्या माणसाला त्यांनी आत घेतले, हेच त्यांचे खरे भांडवल होय.

२०१४ साली फेसबुकने ही कंपनी १९ अब्ज डॉलरला घेण्याचा करार केला. तेव्हा कर्मचारी अवघे ५५ आणि वापरणारे ४५ कोटी! ज्या कल्याण कार्यालयात कूम एकेकाळी कुपनांसाठी रांगेत उभे राहत, त्याच्याच जुन्या इमारतीच्या दाराशी त्यांनी करारावर सही केली.

परंतु मित्रहो, गोष्ट येथे संपत नाही. आपल्या सेवेत जाहिराती नकोत, असा संस्थापकांचा आग्रह होता. कंपनी विकल्यावर तो टिकला नाही. २०१७ मध्ये ॲक्टन आणि २०१८ मध्ये कूम बाहेर पडले. २०२५ मध्ये व्हॉट्सॲपवर जाहिराती आल्या. शिवाय प्रत्येक लहान जिंकतोच असेही नाही. आपल्याकडे २०१२ साली निघालेली हाइक ही संदेशसेवा २०२१ मध्ये बंद पडली. तोवर व्हॉट्सॲप स्वतःच मोठ्यांत जमा झाले होते.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. समोरची कंपनी किती मोठी आहे हे पाहून माघारी फिरू नका. तिच्या दाराबाहेर कोण उभे आहे ते पाहा. उद्या प्रकल्प अहवाल घेऊन आमच्या काउंटरवर याल, तेव्हा पहिल्या पानावर त्या माणसाविषयी लिहा. आणि शेवटच्या पानावर, कितीही किंमत आली तरी आपण काय विकणार नाही, हेही आजच लिहून ठेवा.