नानबाईचा शीरमाल आणि घरची चूल

लखनौच्या जुन्या चौकात सायंकाळी पाऊल टाकले, की कबाबांच्या धुरातही केशराचा आणि तुपाचा गंध जाणवल्यावाचून राहत नाही. तो असतो शीरमालाचा. फारसी भाषेत शीर म्हणजे दूध. दुधात मळलेली, केशरी रंगाची ही रोटी लोखंडी तंदुरात भाजली जाते. ‘गुज़श्ता लखनऊ’चे लेखक अब्दुल हलीम शरर यांनी तिचे श्रेय महमूद नावाच्या एका नानबाईला दिले आहे.

महाराष्ट्रात पोळी विकत आणणे हे एके काळी गृहिणीला उणेपणाचे वाटे. लखनौत शीरमाल, कुलचा, बाकरखानी या गोष्टी खानदानी घरांतही बाजारातून येतात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. तंदूर पेटता ठेवणे हे एका कुटुंबाचे काम नव्हेच. परंतु बदलीनिमित्त तेथे गेलेल्या मराठी गृहिणीला हे कसे पटावे? मुलांनी दुकानची चव घरी मागितली, की ती परात पुढे ओढतेच.

पहिला प्रयत्न बहुधा फसतो. सवयीप्रमाणे ती मैद्याला तुपाचे मोहन चोळते, मग दूध घालते. आणि शीरमालाऐवजी हाती येते एक भले मोठे शंकरपाळे! दोष तुपाचा नाही, क्रमाचा आहे. तूप आधी लागले की मैद्याला दूध नीट मिळत नाही, चिकटपणा येत नाही, आणि रोटी लवचिक होण्याऐवजी खुसखुशीत होते. नानबाई आधी दुधातच मैदा मळतो, गोळा झाकून ठेवतो, आणि नंतर थोडे थोडे तूप जिरवीत तो पुन्हा मळून पुन्हा विसावू देतो. पुष्कळ कारागीर यात खमीरही घालीत नाहीत. मऊपणा येतो तो दुधातुपाने आणि विश्रांतीने.

आता, पुरणपोळीची कणीक तेलात तिंबून तासन्‌तास ठेवणाऱ्या बाईला हे नवीन का वाटावे? अर्धी विद्या तिच्या हातात आधीच असते. पाव किलो मैद्याला सुमारे १३० मिलिलिटर कोमट दूध, चमचा-दोन चमचे साखर, मीठ, केवड्याचे चार थेंब आणि ९० ग्रॅम तूप एवढे पुरते. आजची मुले पिझ्झ्याचा हट्ट धरतात. त्याच्या पिठाला खमीर लागते, पण तेही रात्रभर थंड जागी ठेवले तरच चवीला येते. लोण्यात मंद आचेवर परतलेली लसूण सोबत असली की मुले दुकानाचे नावही काढीत नाहीत.

अडचण उरते ती आचेची. तंदुराचा दाह घरच्या भट्टीत येत नाही, हे मान्य केलेले बरे. भट्टी २२० ते २४० अंशांपर्यंत चांगली तापवावी, आत जाड लोखंडी तवा आधीपासून ठेवावा, आणि जाडसर लाटलेल्या रोटीला काट्याने सर्वत्र टोचे द्यावेत. नाहीतर ती फुलक्यासारखी फुगते. पाचेक मिनिटांनी केशराचे दूध लावून पुन्हा भाजावी. पुष्कळ दुकानांत केशराचे काम नुसत्या रंगावर भागवतात; घरी निदान ती फसवणूक टळते.

उतरवल्यावर तूप लावून स्वच्छ फडक्यात गुंडाळावी. कबाब न खाणाऱ्या घरात ती साईबरोबर खातात, आणि उरली तर सकाळच्या चहाबरोबर.