श्रवणाकडून भाषेकडे



बोली प्रथम कानाने ग्रहण होते व नंतर मुखाने प्रकट होते. म्हणूनच जन्मतः ऐकू न येणाऱ्या बालकाची जीभ, ओठ व कंठ निर्दोष असूनही त्याला बोलणे आपोआप येत नाही. ज्यांना साध्या श्रवणयंत्राचा पुरेसा उपयोग होत नाही, अशा अनेक बालकांसाठी कॉक्लियर इम्प्लांट वरदान ठरले आहे. शस्त्रक्रियेने अंतःकर्णातील शंखाकृती भागात सूक्ष्म तार बसविली जाते. कानामागील बाह्य यंत्र ध्वनी टिपते आणि त्याचे विद्युत्-संकेत थेट श्रवण-मज्जातंतूस मिळतात.

हा उपचार खर्चिक आहे. केंद्र शासनाच्या एडिप योजनेत २०१४ पासून त्यासाठी साहाय्याची तरतूद झाली; दानशूर मंडळीही पुढे येतात. परंतु शस्त्रक्रिया झाली म्हणजे कार्य सिद्धीस गेले, हा समज घातक आहे.

जखम भरल्यावर काही आठवड्यांनी यंत्र सुरू होते. त्या क्षणी बालक हसेलच असे नाही. पुष्कळदा ते दचकते, रडते. भांड्याचा आवाज आणि आईची हाक यांतील भेद त्यास ठाऊक नसतो. वय तीन वर्षांचे असले, तरी त्याचे श्रवणवय त्या दिवशी शून्य असते. तेथूनच भाषोपचार सुरू होतात. प्रथम ध्वनीची जाणीव, मग दोन ध्वनींतील भेद, पुढे ओळख आणि शेवटी अर्थबोध, असा हा क्रम आहे. रोज सकाळी आई ओठ न दाखविता आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी उच्चारून पाहते. एखाद्या ध्वनीस नेहमीचा प्रतिसाद मिळाला नाही, तर यंत्र तपासून घ्यावे लागते.

तज्ज्ञांकडे जाणे आठवड्यातून एक-दोन तासांचे. उरलेला सारा वेळ घराचा असतो. लाडू डब्यात आहे, डब्यावर आहे की डब्याखाली आहे, हे मराठीत शब्दाच्या शेवटच्या हलक्या अक्षरांवरून कळते. ती अक्षरे कानी पडावयाची, तर जवळ बसून, दूरदर्शन संच बंद ठेवून, पुनःपुन्हा बोलावे लागते. घरात मारवाडी, गुजराती वा कन्नड बोलली जात असेल, तर त्याच भाषेत बोलावे. आजीच्या तोंडी जी सहज आहे, तीच बालकाची पहिली भाषा होय.

काळाचेही भान हवे. बधिरत्व सहा महिन्यांच्या आत ओळखून उपचार सुरू झालेल्या बालकांची भाषा अधिक चांगली विकसित होते, हे अमेरिकेतील १९९८ च्या संशोधनाने दाखविले. नवजात अर्भकाची श्रवणचाचणी झोपेतच काही मिनिटांत होते. 'मुलगा उशिरा बोलेल, त्याचे वडीलही उशिराच बोलले,' अशा समजुतीत मोलाची वर्षे निघून जातात.

म्हणून दात्यांनी शस्त्रक्रियेचा आकडा विचारताना पुढील वर्षांचाही हिशेब मांडावा. उपचारकेंद्राचा प्रवास, यंत्राच्या बॅटऱ्या व सुटे भाग, आईची बुडालेली मजुरी, या किरकोळ वाटणाऱ्या खर्चांपायीच गरीब घरातील उपचार खंडित होतात आणि लाखोंचे यंत्र कपाटात पडून राहते. शस्त्रक्रियेचे दान ध्वनी देते. त्या ध्वनीची वाणी होण्यासाठी मात्र वर्षानुवर्षांची सोबत द्यावी लागते.